न्यूट्रल हेडफोन: निवडावा कसा, पारखावा कसा, टिकवावा कसा

सेनहायझर या जर्मन कंपनीने एचडी ६०० हा हेडफोन १९९७ साली बाजारात आणला. तेव्हा आपल्याकडे घरोघरी कॅसेटी वाजत होत्या. तो हेडफोन आजही नवा कोरा मिळतो आणि त्याचा मूळ आराखडा जवळपास तसाच आहे. सोनीचा एमडीआर-७५०६ त्याच्याहूनही जुना, १९९१ सालचा. निळ्या पट्टीचा हा काळा हेडफोन रेडिओ केंद्रांत आणि चित्रीकरणावर आवाज टिपणाऱ्यांच्या कानावर आजही दिसतो. तीस वर्षांपूर्वीचा फोन किंवा संगणक आज कोणी विकत घेईल का? हेडफोनच्या बाबतीत मात्र लोक तसं करतात, आणि त्यात भाबडी जुनी आठवण वगैरे काही नाही. यात बॅटरी नाही, त्यामुळे ती मरत नाही. ॲप नाही, त्यामुळे ते बंद पडत नाही. गादी फाटली तर नवी मिळते. आणि आवाजात कुठलीच फोडणी नसल्यामुळे त्याचा कंटाळा येत नाही.

हा शेवटचा मुद्दा सर्वात महत्त्वाचा, आणि नव्याने घेणारे नेमके तिथेच फसतात. न्यूट्रल, म्हणजे रेकॉर्डिंगमध्ये स्वतःचं काही न मिसळणारा हेडफोन पहिल्या दिवशी छाप पाडत नाही. दुकानात दोन मिनिटं ऐकून निवड केली, तर बेस (खर्जाकडचे सूर) फुगवलेला आणि ट्रेबल (तारेकडचे सूर) चमकवलेला हेडफोनच जिंकणार. घरी दोन तास ऐकल्यावर डोकं चढतं ते त्याच चमकेमुळे. म्हणून हा लेख विकत घेण्यापुरता नाही. ग्राफ कसा बघायचा, काय ऐकून पारखायचं आणि घेतल्यावर काय करायचं, हे सगळं क्रमाने सांगतो.

न्यूट्रल म्हणजे कशासारखा?

चांगल्या खोलीत, चांगल्या स्पीकरसमोर बसून रेकॉर्डिंग जसं ऐकू येईल, तसंच हेडफोनमधून ऐकू यावं, हा आजचा सर्वसाधारण निकष आहे. ऑडिओ उपकरणं बनवणाऱ्या हार्मन कंपनीत शॉन ऑलिव्ह आणि टॉड वेल्टी यांनी २०१२च्या सुमारापासून यावर सलग काम केलं. लोकांना बसवायचं, वेगवेगळ्या सुरावटीचे हेडफोन ब्रँड न कळू देता ऐकवायचे आणि पसंती विचारायची. तरबेज कानाचे आणि सामान्य श्रोते या दोघांचीही पसंती बऱ्याच अंशी सारखी निघाली, आणि ती चांगल्या स्पीकरच्या आवाजाजवळ जाणारी होती. त्यातून जी रेषा तयार झाली तिला सगळे हार्मन कर्व्ह म्हणतात. ती अंतिम सत्य नाही. बेस किती असावा यावर त्याच प्रयोगांतही माणसामाणसांत फरक दिसला. पण सुरुवातीला मोजपट्टी म्हणून ती पुरेशी आहे.

किमतीचं काय? येरून ब्रेबार्ट या संशोधकाने २०१७ साली २८३ हेडफोनांची मोजणी तपासली. हेडफोनची किंमत आणि त्याचा फ्रिक्वेन्सी रिस्पॉन्स (खर्जापासून तारेपर्यंत कुठला सूर किती मोठा वाजतो ते) यांच्यात सांगण्यासारखा संबंध त्याला सापडला नाही. महाग हेडफोनमध्ये लाकूड, चामडं, नाव आणि खोकं चांगलं मिळू शकतं. सूर चांगला मिळेलच असं नाही. कमी पैशांत सुरेल हेडफोन मिळणं हा नशिबाचा भाग नाही, ते शोधून काढता येतं.

आधी घर बघा

हेडफोनचे ढोबळ तीन प्रकार. मागून जाळीचा, म्हणजे ओपन. मागून बंद, म्हणजे क्लोज्ड. आणि कानात घालायचे इन-इअर, ज्यांना हल्ली सगळे आयईएम म्हणतात.

ओपन हेडफोनचा आवाज मोकळा असतो, कारण आवाज मागून निघून जातो, कपात घुमत नाही. एचडी ६०० याच जातीचा. पण मागून निघून गेलेला आवाज शेजारी झोपलेल्याच्या कानात जातो, आणि बाहेरची कुकरची शिट्टी, पंख्याची घरघर, खालच्या मजल्यावरची मालिका सगळं आत येतं. रात्री सगळे झोपल्यावर स्वतंत्र खोलीत ऐकणार असाल तर ओपन घ्या. वन रूम किचनमध्ये चार माणसं असतील तर विसरा.

क्लोज्ड हेडफोनमध्ये न्यूट्रल सूर साधणं कठीण जातं. सोनीचा ७५०६ इथे जुना भरवशाचा, पण त्याचं ट्रेबल थोडं तिखट आहे. रेकॉर्डिंगमधली खरखर, तोंडाची चटचट शोधायला ते उपयोगी पडतं. आरामात तीन तास ख्याल ऐकायला तितकंसं नाही. ऑडिओ-टेक्निकाचा एटीएच-एम४०एक्स आणि एकेजीचा के३७१ हे दोन्ही पाहण्यासारखे आहेत. के३७१ हार्मन कर्व्हच्या फार जवळ जातो. मात्र क्लोज्ड हेडफोनचा बेस गादी कानाभोवती किती घट्ट बसते यावर ठरतो. चश्म्याची दांडी मध्ये आली की फट पडते आणि बेस गळून जातो. चश्मा असेल तर चश्म्यासकटच ऐकून बघा.

एक इशारा इथेच देऊन ठेवतो. खोक्यावर स्टुडिओ किंवा मॉनिटर लिहिलं म्हणून हेडफोन न्यूट्रल होत नाही. बायरडायनॅमिकचे डीटी ७७० आणि डीटी ९९० जगभरच्या स्टुडिओत आहेत, मजबूत आहेत, वर्षानुवर्षं चालतात. पण दोघांचंही ट्रेबल सरळसरळ उचललेलं आहे. अनेकांना ते आवडतं. आवडू दे. न्यूट्रल मात्र म्हणू नये.

राहिले आयईएम. खरी क्रांती इथे झाली, असं माझं मत आहे. १९९१ साली एटिमोटिक कंपनीने ईआर-४ काढला तेव्हा कानात घालायचा न्यूट्रल इअरफोन ही महागडी, मोजक्या जाणकारांची गोष्ट होती. २०२२ साली सेव्हन हर्ट्झ सॉल्नोट्स झिरो आणि मूनड्रॉप चू हे चिनी आयईएम वीस डॉलरच्या आसपास आले, आणि मोजणीत ते कित्येक पट महाग इअरफोनांच्या पंक्तीला बसले. आपल्याकडे या वर्गातला माल साधारण दीड ते चार हजार रुपयांत मिळतो. लोकलमध्ये, ऑफिसात, होस्टेलवर ऐकणाऱ्याने दुसरीकडे बघूच नये. फक्त सोबत आलेल्या रबरी टिपांचे सगळे आकार लावून बघा. डाव्या आणि उजव्या कानाला वेगळे आकार लागणं अगदी साहजिक आहे. टीप नीट बसली नाही तर बेस गायब होतो, आणि मग लोक इअरफोनला नावं ठेवतात.

एचडी ६००च्या कुळाबद्दल एक सोयीची माहिती. २००३ साली त्याच घरातला एचडी ६५० आला, थोडा उबदार सुराचा. २०१६ साली मासड्रॉप या अमेरिकी विक्री संकेतस्थळाने त्याचीच आवृत्ती एचडी सिक्सएक्सएक्स नावाने १९९ डॉलरला विकायला काढली. भारतात मागवली तर वाहतूक आणि कस्टम्स मिळून त्या स्वस्ताईचा बराच भाग संपतो. म्हणून डिसेंबरात अमेरिकेहून येणाऱ्या भाच्याच्या बॅगेत ती बरेचदा सापडते. अशी वस्तू बिघडली तर इथे वॉरंटी मिळेल असं धरून चालू नका.

ग्राफ वाचायला शिका

हेडफोनच्या मोजणीच्या ग्राफमध्ये आडव्या अक्षावर फ्रिक्वेन्सी, डावीकडे खर्ज आणि उजवीकडे तार. उभ्या अक्षावर आवाजाची पातळी डेसिबलमध्ये. इथे पहिला गोंधळ होतो. न्यूट्रल हेडफोनची रेषा सरळ आडवी नसते. आपल्या कानाची नळी साधारण अडीच सेंटिमीटरची, एका टोकाला बंद. ती ३००० हर्ट्झच्या आसपास स्वतःच घुमते आणि आवाज बराच उचलते. समोरच्या स्पीकरचा आवाजही कानात शिरताना असाच उचलला जातो आणि मेंदूला त्याची सवय असते. म्हणून कृत्रिम कानावर मोजलेल्या चांगल्या हेडफोनच्या रेषेत तिथे उंचवटा दिसलाच पाहिजे. तिथे सपाट असलेला हेडफोन गायकाला पडद्यामागे उभं करतो.

बघण्याचा क्रम असा ठेवा. आधी १०० ते १००० हर्ट्झ. माणसाचा आवाज, हार्मोनियम, सारंगी यांचं अंग इथे आहे. काळी एकच्या गायकाचा षड्ज सुमारे १३८ हर्ट्झ, आणि त्याच्या तानपुऱ्याची खर्जाची तार त्याच्या निम्म्यावर, ६९ हर्ट्झला. २०० ते ४०० मध्ये टेकाड असेल तर सगळं गुबगुबीत, डब्यातून आल्यासारखं वाटतं. मग ३००० चा उंचवटा बघा. १५०० च्या आतच चढाव सुरू झाला तर आवाज ओरडतो. त्यानंतर ५००० ते १०००० मधली टोकं बघा. स, श, च टोचतात ते इथे. आयईएमच्या ग्राफवर ८००० हर्ट्झजवळ दिसणारा सुळका बहुतेक वेळा मोजणीच्या कपलरचा (कृत्रिम कानाच्या नळीचा) स्वतःचा असतो, त्याला घाबरू नका. १०००० च्या वरची रेषा तर कुठल्याही ग्राफवर फारशी मनावर घेऊ नये.

शेवटचं पथ्य: दोन ग्राफ ताडून बघायचे तर ते एकाच ठिकाणी, एकाच यंत्रावर मोजलेले हवेत.

वाजवणार कशावर?

यावर लोक उगाच पैसे घालवतात. आयईएम आणि ३० ते ८० ओहमचे (ओहम हे विद्युत विरोधाचं माप) हेडफोन फोनच्या जॅकवर किंवा साध्या यूएसबी-सी डोंगलवर (फोनच्या यूएसबी-सी भोकात लावून हेडफोन जोडायचा छोटा तुकडा) उत्तम वाजतात. ॲपलचा छोटा डोंगल मोजणीत स्वच्छ आहे आणि स्वस्तही. मात्र बऱ्याच अँड्रॉइड फोनवर त्याचा आवाज मुद्दाम दाबल्यासारखा कमी येतो. अँड्रॉइडवाल्याने दुसऱ्या कंपनीचा डोंगल घेतलेला बरा.

एचडी ६०० आणि ६५० आहेत ३०० ओहमचे. घाबरवणारा आकडा, पण हिशेब करून बघा. डोंगल एक व्होल्ट देत असेल, तर ३०० ओहममध्ये सव्वातीन मिलिवॅट जातात. कंपनीच्या आकड्यांप्रमाणे एचडी ६५० एका व्होल्टला १०३ डेसिबल वाजतो. हल्लीची गाणी मोठ्या आवाजात मास्टर केलेली असतात, त्यांना हे पुरून उरतं. अडचण येते ती हळू रेकॉर्ड केलेल्या मैफलींची आणि पाश्चात्त्य सिंफनीची. तुम्ही मुख्यतः तेच ऐकत असाल, किंवा पुढे इक्वलायझर (कुठले सूर किती वाढवायचे-घटवायचे ते ठरवणारी सोय) वापरून आवाजाची जागा खर्च करणार असाल, तर चांगला छोटा ॲम्प घ्या. त्याने आवाजाला मोकळीक मिळते, हेडफोनचा स्वभाव बदलत नाही. जुन्या रिसीव्हरच्या हेडफोन जॅकचा आउटपुट इम्पीडन्स (जॅकचा स्वतःचा विद्युत विरोध) मात्र कधीकधी शंभर ओहमच्या वर असतो. ३२ ओहमचा हेडफोन त्यावर लावला तर सूर बदलू शकतो.

आवाज किती ठेवायचा? प्रौढांसाठी जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा ८० डेसिबल, आठवड्याला ४० तास अशी आहे. तीन डेसिबल वाढवले की वेळ निम्मा करायचा. ८३ ला २० तास, ८६ ला १०. स्वच्छ, न टोचणारा हेडफोन आवाज वाढवायला लावतो, कारण त्रास होत नाही. म्हणून असा हेडफोन वापरणाऱ्यांनी जास्त जपायला हवं.

पारखायचा कसा

रोजच्या कानाखालची रेकॉर्डिंग वापरा. अनोळखी परदेशी डेमो ट्रॅकवर सगळेच हेडफोन छान वाटतात.

सगळ्यात आधी बोलण्याचा आवाज. एखादं चांगलं रेकॉर्ड केलेलं मराठी अभिवाचन किंवा मुलाखत लावा. मानवी आवाज कसा असतो हे आपल्या कानाला जन्मापासून माहीत आहे, त्यामुळे इथे चोरी लगेच पकडली जाते. छातीतून घुमल्यासारखा आला तर खालचे मिड्स (मधल्या सुरांचा खालचा भाग) जास्त. नाकातून आला तर १००० च्या आसपास गडबड. स आणि च यांची धार लागली तर ट्रेबल जास्त.

मग तानपुरा. फक्त तानपुरा. जवारीतून निघणारे वरचे सूर एकमेकांत गुंफलेले ऐकू यायला हवेत, आणि खर्जाची तार त्यांच्याखाली शांत टेकलेली. बेस फुगवलेल्या हेडफोनमध्ये खर्ज गुरगुरतो आणि जवारी पातळ होते. ट्रेबल जास्त असेल तर जवारीची माशी होते.

तबल्यात डग्ग्याची मींड ऐका. हाताच्या दाबाने सूर खालून वर सरकताना आवाजाची पातळी मध्येच उडी मारू नये. एखाद्याच सुरावर डग्गा धप्पकन मोठा झाला तर तिथे हेडफोनचं स्वतःचं टेकाड आहे. दायाँच्या किनारीचा ना लखलखीत हवा, पण काचेवर नखाने वाजवल्यासारखा नको. एचडी ६०० इथे आपली मर्यादाही दाखवतो: अगदी खोल बेस तो हळूहळू सोडत जातो. डग्गा छान येतो. सिंथ बेसवर चालणारी आजची नृत्यगीतं मात्र बसकी वाटतात. ज्याला तेच ऐकायचंय त्याने हार्मन कर्व्हवरचा आयईएम घ्यावा. उगाच नाव मोठं म्हणून एचडी ६०० घेऊन हिरमुसू नये.

ट्रेबलची खरी परीक्षा वारकरी भजनात होते. पाच-पन्नास टाळ एकत्र वाजतात तेव्हा सुळका असलेला हेडफोन त्याचा एकसंध सूंसूं आवाज करून टाकतो. चांगला हेडफोन टाळांच्या आडून पखवाज आणि गाणाऱ्याचे शब्द वेगळे काढून देतो. ढोलकीची लावणी हीही अशीच चांगली कसोटी. घुंगरू आणि ढोलकीची शाई-चाट वेगवेगळी कळली पाहिजे.

जुन्या ७८ आरपीएम तबकड्यांवर पारख करू नका. त्यांत वरच्या अंगाला फारसं काही नाहीच. खरखर जास्त ऐकू आली म्हणून हेडफोन वाईट ठरत नाही, तो जे आहे ते दाखवतोय.

दोन हेडफोन ताडून बघताना दोघांचा आवाज सारखा करून घ्या. थोडासा मोठा वाजणारा हेडफोन प्रत्येक वेळी चांगला वाटतो, दुकानदारालाही हे माहीत असतं. आणि घेतल्यावर एक आठवडा फक्त तोच वापरा. मग जुना, फुगवलेला हेडफोन परत लावून बघा. निर्णय तेव्हा घ्या, तोपर्यंत परत करण्याची मुदत संपत नाही ना एवढं पाहून ठेवा.

थोडं मीठ आपलं

न्यूट्रल हेडफोनवर इक्वलायझर वापरणं म्हणजे पाप, असं मानणारा एक पंथ आहे. त्यांना नमस्कार. सुधारणा करायची तर आधीच सरळ असलेल्या हेडफोनवर ती सोपी जाते. विंडोजवर इक्वलायझर एपीओ हे मोफत सॉफ्टवेअर, अँड्रॉइडवर वेव्हलेट. याको पासानेनच्या ऑटोईक्यू प्रकल्पात हजारो हेडफोनांसाठी तयार मांडण्या मिळतात.

तयार मांडणी आंधळेपणाने घेण्यापेक्षा एकच बदल करून बघा. एचडी ६०० सारख्या ओपन हेडफोनवर १०५ हर्ट्झला लो-शेल्फ फिल्टर (त्याखालचा सगळा बेस एकत्र उचलणारा), ४ डेसिबल वर. आणि प्रीॲम्प (एकूण आवाजाची पातळी) तितकाच खाली, उणे ४. हा प्रीॲम्प विसरलात तर मोठ्या जागी आवाज फाटतो. ८००० च्या वर अरुंद फिल्टर लावून कोरीवकाम करू नका. तिथे प्रत्येकाचा कान वेगळा आणि हेडफोन बसवण्यातला दोन मिलिमीटरचा फरकही मोठा असतो.

निगा

आपल्या हवेत गादी सगळ्यात आधी जाते. मुंबई-कोकणच्या दमटपणात कृत्रिम चामड्याच्या गाद्या पापुद्रे सोडतात आणि मानेवर काळे तुकडे चिकटतात. ७५०६ च्या पातळ गाद्या यासाठी प्रसिद्धच आहेत. मखमली गाद्या सोलत नाहीत, पण घाम पितात आणि दबतात. गादी दबली की कान ड्रायव्हरच्या (आवाज काढणाऱ्या आतल्या भागाच्या) जवळ जातो आणि सूर बदलतो. म्हणजे पाच वर्षांनी हेडफोन पूर्वीसारखा वाटत नाही, तेव्हा संशय आधी गादीवर घ्या. एचडी ६०० ची गादी, डोक्यावरचा स्पंज, केबल, एवढंच काय ड्रायव्हरही सुटा निघतो. घेण्याआधी तुमच्या मॉडेलच्या मूळ गाद्या मिळतात का आणि केबल काढता येते का, एवढे दोन प्रश्न विचारा. दुसऱ्या कंपनीच्या जाड, मऊ गाद्या आरामशीर असतात, पण सूर बिघडवतात. ऐकून झाल्यावर पुसून ठेवा. पावसाळ्यात डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाका. केबल हेडफोनभोवती आवळून गुंडाळू नका.

वापरलेला घेताना

या जातीचा माल जुना घेणं फायद्याचं, कारण झिजणारे भाग बदलता येतात. फक्त हातात घेऊन, स्वतःच्या फोनवर वाजवून घ्या. डावा-उजवा सारखा आहे का, हे एकाच सुरावर आवाज मधोमध येतो का यावरून कळतं. मग २० हर्ट्झपासून वर चढत जाणारा साइन स्वीप (सलग चढणारा एकच शुद्ध सूर) लावा, आवाज बेताचा ठेवून. सूर वर सरकत जाताना कुठे बझ किंवा फडफड ऐकू आली तर थांबा. ड्रायव्हर गेला असेल तर सौदा सोडा. पण एचडी ६०० सारख्या हेडफोनमध्ये ही फडफड पुष्कळदा ड्रायव्हरच्या पडद्याला टेकलेल्या एखाद्या केसाची असते. गादी आणि आतला स्पंज काढून हलकी फुंकर मारली की ती जाते. ही गोष्ट विकणाऱ्याला भाव ठरण्याआधी सांगायची की नंतर, ते तुमच्या स्वभावावर.